पाऊण-पाऊण तासाचा उशीर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एसटीत मी ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १९ वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवरच्या जाळीमागं बसून माईकवर ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणायचं आणि गाडी आली नाही की सगळ्या फलाटांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. त्यामुळं उशीर म्हणजे काय ते मला विमानवाल्यांनी शिकवायला नको. घाटात दरड येते, टायर बसतो, वाहक आजारी पडतो, आषाढीला निम्म्या गाड्या पंढरपूरला जातात. उशीर होतो. तरीही हे पत्र लिहितोय, कारण या जानेवारीत दिल्लीच्या विमानतळावर मी जाळीच्या दुसऱ्या बाजूला १४ तास ४० मिनिटं बसलो.

मुलगी नोएडाला असते. दिवाळीनंतर आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो. परतीचं तिकीट संक्रांतीच्या अलीकडचं, दिल्ली ते पुणे, संध्याकाळी ७.४० चं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावी माझ्या थोरल्या भावाचं वर्षश्राद्ध होतं. हिशेब सरळ होता. दहाच्या आत पुण्यात उतरायचं, स्वारगेटवर कोल्हापूर-सांगलीकडं जाणारी मिळेल ती गाडी धरायची, पहाटे अडीचपर्यंत कराड. जावईबापू सकाळचं विमान घ्या म्हणत होते. ‘सकाळी धुकं असतं, संध्याकाळचं बघा,’ हे शहाणपण माझं. सौ. अजून ते ऐकवते.

सुरक्षा तपासणीत हातातल्या पिशवीतला अडकित्ता निघाला. सासऱ्यांनी दिलेला, पितळी, चाळीस वर्षांचा. मोठी बॅग आधीच आत गेलेली, मुलगी-जावई दारातूनच परतलेले. तपासणीवरच्या जवानानं हिंदीत समजावून सांगितलं आणि अडकित्ता डब्यात गेला. त्याची काही चूक नाही, नियम आहे आणि तो मला ठाऊक असायला हवा होता. पण रात्रीचं ग्रहमान कसं आहे ते तिथंच कळायला हवं होतं.

विमान कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं, अशी सगळ्यांची गत आहे.

आत जाऊन बसलो तर फलकावर आमच्या विमानासमोर ८.२५. ठीक आहे म्हटलं, पाऊण तास. मग माझा फोन वाजला. नोएडाहून जावई. ‘आप्पा, मेसेज आलाय, ९.१० झालं.’ तिकीट त्यांनी काढलेलं, म्हणून कंपनीचे सगळे संदेश त्यांच्या नंबरवर. आम्ही विमानतळावर, आणि आमच्या विमानाची खबर लांब घरी चहा पीत बसलेल्या माणसाला! रात्रभर हेच चाललं. ९.१० चं ९.५० झालं, त्याचं १०.४०, त्याचं ११.३०. दर वेळी आधी नोएडाहून फोन, मग फलक बदलायचा. भोंगा एकदाही वाजला नाही. मुंबईसह बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आता ‘शांत विमानतळ’ म्हणून ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा जवळजवळ बंदच केल्यात. गोंगाट कमी होतो हे खरं, आणि १९ वर्षं माईकवर ओरडल्यावर मला शांततेचं वावडं नाही. पण मध्येच आमचं गेट बदललं आणि खुर्चीत पेंगलेले एक आजोबा तिथंच राहिले. सौ.नं मागं वळून पाहिलं म्हणून त्यांना उठवून आणलं. त्यांच्याकडं बटणांचा फोन होता. शांतता कुणाच्या जिवावर, हाही विचार करायला हवा की नाही?

काउंटरवर एक पोरगी होती, माझ्या धाकट्या पुतणीच्या वयाची. साठ-सत्तर माणसांचा गराडा. ती प्रत्येकाला एकच सांगत होती, ‘सर, इनकमिंग एअरक्राफ्ट थोडं लेट आहे, अर्ध्या-पाऊण तासात होईल.’ तिचा चेहरा बघून मला माझाच चेहरा आठवला. तिला वरून तेवढंच सांगितलेलं असणार.

खरं काय ते आम्हाला एका कॉलेजच्या पोरानं सांगितलं. कुठलं विमान आकाशात कुठं आहे ते मोबाईलवर दिसतं म्हणे. त्यानं दाखवलं, ते विमान गुवाहाटीला उभं होतं. तेव्हा घड्याळात ८.१० झाले होते आणि फलकावर आमची सुटायची वेळ होती ८.२५! गुवाहाटी ते दिल्ली अडीच तासांच्या वर. उतरल्यावर माणसं उतरवायची, सामान काढायचं, साफसफाई, इंधन, पुन्हा माणसं भरायची, ही पाऊण तासाची कामं. चिपळूणची गाडी अजून चिपळूणच्या स्टँडवर उभी आहे आणि मी कराडकडच्या लोकांना ‘पंधरा मिनिटांत फलाटावर लागेल’ म्हणतोय, असा हा प्रकार. साडेअकराच्या आत ते विमान सुटणं शक्यच नव्हतं. मला बेरीज येते, कंपनीलाही येत असणार.

मग पाऊण-पाऊण तास का? शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, पुण्याच्या लोहगाव तळावर नोकरी काढलेले. त्यांनी आधी धुक्याचं समजावलं. दिल्लीला धावपट्टी, विमान आणि वैमानिक तिन्ही त्या तयारीचे असले तर ५० मीटर दिसत असतानाही विमान उतरवता येतं. उडायला मात्र १२५ मीटर लागतात. मला वाटायचं उलटं असेल. म्हणजे दाट धुक्यात आलेली विमानं उतरतात आणि जाणारी अडकून पडतात, जागा भरत जाते. शिवाय एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळची पहिली फेरी दोन तास बसली की रात्रीपर्यंत सगळं शेड्यूल कोलमडतं. संध्याकाळी आकाश निवळलेलं असलं तरी सकाळचं धुकं रात्री आमच्या गेटवर येऊन पोचतं. हे मला लगेच पटलं, एसटीत दुसरं काय होतं? मी ज्या शहाणपणानं संध्याकाळचं विमान घ्यायला लावलं, ते तिथंच बुडालं.

पण उशिराचे असे तुकडे का, हे घरी आल्यावर मुलीनं नियमाचे कागद छापून पाठवले तेव्हा उमगलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर २४ तास आधी कळवायचं आणि सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, असा पर्याय द्यायचा. २४ तासांपेक्षा जास्त उशीर असेल, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ यांदरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर असेल, तर हॉटेलात मुक्काम. आमचं विमान ७.४० चं. वीस मिनिटांनी आमचा मुक्काम हुकला, आणि १४ तास ४० मिनिटं हे २४ तासांत बसत नाहीत. सौ. ६३ वर्षांची, गुडघे दुखतात. ती लोखंडी हात असलेल्या तीन खुर्च्यांवर आडवी कशी होणार? पिशवी उशाला घेऊन फरशीवर निजली.

आता गंमत बघा. विमान ऐनवेळी रद्द झालं तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. दोन तासांहून मोठ्या प्रवासाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. उशिराला मात्र रोख भरपाई एक पैसा नाही. म्हणजे ‘रद्द’ हा शब्द महाग आणि ‘उशीर’ हा शब्द फुकट. (हवामान कारण असेल तर रद्दचीही भरपाई नाही, आणि धुकं तर हिवाळाभर हाताशी असतंच.) त्यात सहा तासांचा उशीर एकदम जाहीर केला तर लोक पैसे मागून दुसऱ्या कंपनीकडं जाणार. पाऊण-पाऊण तासांत वाटला तर कोण उठतो? ‘एवढे थांबलो, आता पाऊण तासासाठी काय,’ असं म्हणत माणूस बसून राहतो. मीही बसून राहिलो. जावई साडेसहा वाजता म्हणत होते, ‘आप्पा, मुंबईच्या नऊच्या विमानात दोन जागा दिसताहेत, घेऊ का?’ मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी कराड सहज गाठलं असतं. मी म्हणालो, ‘कशाला दुप्पट खर्च, पाऊण तासाचाच प्रश्न आहे.’

युरोपात २००४ च्या कायद्यानुसार तीन तासांपेक्षा उशिरा पोचवलं आणि दोष कंपनीचा असला तर अंतराप्रमाणं २५० ते ६०० युरो मिळतात, असं मुलगी सांगते. धुक्याला तिथंही रोख भरपाई नाही. ते बाजूला ठेवू. आपल्याकडं निदान खरी वेळ तरी सांगा.

पावणेअकराला खाऊ आला. थंड सँडविच आणि ज्यूसचं खोकं. मला साखर आहे, ज्यूस सौ.नं प्यायला. मुलीनं बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती आम्ही अपशिंग्याच्या एका फौजी पोराबरोबर वाटून खाल्ली. अपशिंगे मिलिटरी, म्हणजे फौजींचं गाव, म्हटल्यावर साताऱ्याकडच्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. त्याची सुट्टी त्या दिवशी सुरू झाली होती, दहा दिवसांची. ‘काका, यातला एक दिवस हितंच गेला, तो मला कोण भरून देणार?’ म्हणाला. चहाचा दर विचारून मी दोनदा परत आलो, तिसऱ्यांदा घेतला. कोलकाता आणि चेन्नईच्या विमानतळांवर सरकारनं दहा रुपयांचा चहा आणि वीस रुपयांचा सामोसा देणारी उडान यात्री कॅफे काढलीत, ही योजना चांगली आहे आणि जिथं माणसं रात्र काढतात तिथं ती आधी पोचायला हवी.

रात्री १२.५० ला विमानात बसवलं. टाळ्या वाजल्या. दार लागलं, पट्टे बांधले आणि विमान जागच्या जागी उभं. एक तास गेला. मुलं रडायला लागली, हवा कोंदट झाली. मग कॅप्टननं स्वतः माईक घेतला. म्हणाला, रांगेत आपला नंबर लागेपर्यंत माझी ड्युटीची मर्यादा संपते आहे, मी उडवू शकत नाही, माफ करा. लोक खवळले. मला मात्र त्या रात्री भेटलेला तो पहिला खरा माणूस वाटला. कारण सांगितलं, स्पष्ट सांगितलं, स्वतः सांगितलं. आणि तो बरोबर होता. पेंगलेल्या चालकाच्या हाती घाटातली गाडी देणं काय असतं हे मला माहीत आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम २०२५ मध्ये कडक झाले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली. डिसेंबरात एका मोठ्या कंपनीला वेळापत्रक त्यात बसवता आलं नाही, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि लोक नियमालाच शिव्या देत सुटले. शिव्या द्यायच्या तर ड्युट्या लावणाऱ्याला द्याव्यात. नियम तारीखवार आधीच जाहीर होता. जादा चालक न ठेवता जादा फेऱ्या लावल्या तर आगारप्रमुखाला जाब विचारतात, चालकाला झोपू नको म्हणत नाहीत.

विमानातून उतरवलं तेव्हा अडीच वाजले होते. बाहेर पाहिलं तर दिवे पुसट झाले होते. धुकं उतरलं होतं. मग ६.३० सांगितलं, मग ८, मग काहीच सांगितलं नाही. सौ. म्हणाली, ‘अहो, तुम्हीपण स्टँडवर असंच करायचात ना?’ मी गप्प बसलो.

कारण केलं होतं. ती गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. पावसाळ्यातली रात्र होती, साल आता आठवत नाही. मी एका तालुक्याच्या स्टँडवर ड्युटीला. कुंभार्ली घाटात दरड आलेली, चिपळूणकडची शेवटची गाडी अडकलेली. मला फोनवर कळलं होतं की सकाळपर्यंत काही खरं नाही. तरी मी ‘येईल अर्ध्या तासात’ म्हणत होतो. खोटं बोलायची हौस नव्हती. ‘गाडी रद्द’ म्हटलं की चाळीस माणसं खिडकीवर येतात, ‘अर्ध्या तासात’ म्हटलं की बाकावर बसतात. एवढंच. रात्री अकराला एक म्हातारी खिडकीशी आली. डोक्यावर इरलं, हातात पिशवी. म्हणाली, ‘लेकरा, येत नसंल तर न्हाई म्हण की. न्हाई म्हणला असतास तर उजेडातच भाचीकडं गेले असते. आता या अंधारात कुणाचं दार वाजवू?’ तिला मी आमच्या विश्रांतीगृहात झोपायला जागा दिली, चहा पाजला. पण दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर खडूनं लिहायला लागलो. गाडी कुठं आहे, का थांबली आहे, किती वाजता पुन्हा सांगणार. ‘रद्द’ असेल तर ‘रद्द’. शिव्या एकदाच बसायच्या, भरपूर बसायच्या, पण माणसं आपापल्या वाटा शोधायला मोकळी व्हायची.

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवणाऱ्या प्रवाशांची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली असेल. त्यानंतर डीजीसीएनं कंपन्यांना नवी कार्यपद्धती दिली. उशिराची अचूक, अद्ययावत माहिती प्रवाशांना देत राहायची, तीन तासांपेक्षा जास्त उशिराची शक्यता दिसली तर उड्डाण वेळेआधी रद्दही करता येईल, प्रवाशांच्या हक्कांच्या नियमाचा उल्लेख तिकिटावर छापायचा. त्याच वर्षी विमानात बसवून तासन् तास रखडवण्यापेक्षा प्रवाशांना परत टर्मिनलमध्ये आणण्याचीही सोय झाली. कागद चांगला आहे. माझ्या तिकिटावर तो उल्लेख मी चष्मा लावून शोधला. पण ‘अचूक’ म्हणजे खरी माहिती, एवढं कुणीतरी कंपन्यांना समजवायला हवं. येणारं विमान आत्ता कुठं उभं आहे आणि किती वाजता निघालं, हे फलकावर एका ओळीत लिहायला काय खर्च आहे? कॉलेजच्या पोराला फुकट दिसतं ते साठ वर्षांच्या बाईला फलकावर दिसू दे. संदेश तिकीट काढणाऱ्याबरोबर प्रवास करणाऱ्याच्या नंबरवरही जाऊ देत. उशीर नियमात मोजायचा तो पहिल्या वेळेपासून, आणि येणाऱ्या विमानाच्या गणितावरून तो सहा तासांच्या वर जाणार हे कंपनीला ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी पैसे परत घ्यायचा हक्क प्रवाशाला मिळू दे. आणि ती ८ ते ३ ची अट. रात्री बाराला फरशीवर झोपलेल्या माणसाला त्याचं विमान मुळात ७.४० चं होतं की ८.०५ चं, यानं पाठीला काय फरक पडतो?

केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर मुलीनं माझ्या नावानं तक्रार टाकली. कंपनीचं उत्तर आलं, ‘ऑपरेशनल कारणांमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ गुवाहाटीचा उल्लेख नाही, ड्युटीचा नाही, धुक्याचाही नाही.

आमचं विमान सकाळी १०.२० ला उडालं. साडेबाराला पुणे, स्वारगेटवरून एसटी. मला पासष्टी ओलांडल्यानं अर्धं तिकीट, सौ.ला बाई म्हणून अर्धं. खंबाटकीच्या अलीकडं वाहकानं आपणहून उठून सांगितलं, ‘पुढं ट्रॅफिक आहे, वीस मिनिटं जातील.’ पंचवीस गेली. कराडला पाचला उतरलो. घरी सगळं उरकलं होतं, पाहुणे परतले होते. पुतण्यानं आमची दोन पानं झाकून ठेवली होती. वहिनी म्हणाल्या, ‘कावळा लगेच शिवला, भावजी, कुणाची वाट बघितली नाही.’ त्यांनी सहजच म्हटलं असेल.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
कराड, जि. सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)

ता. क. पत्र लांबलं आहे, जागेअभावी कापावं लागेल याची कल्पना आहे. धुक्याचा आणि अडकित्त्याचा भाग खुशाल कापा. म्हातारीचा तेवढा ठेवा.